नावाखालची ओळ

आर्लिस हाउगेन ई-मेल तळापासून वर वाचत असे. एल्डरसनच्या काउंटी कचेरीत, जमीन-वापर खात्याची हेडक्लार्क म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर तिचं एक मत पक्कं झालं होतं: माणूस वर लिहितो ते कामाचं, आणि नावाखाली लिहितो ते मनातलं. वर 'आपला अर्ज मिळाला' असतं, त्यात काय वाचायचं? खाली कुणी बायबलमधलं वचन टाकतो. कुणी फुटबॉलच्या संघाचा जयजयकार टाकतो आणि जानेवारीत संघ हरला की गुपचूप काढतो. 'कागद वाचवा' लिहिणारा एक जण तर तीच मेल तीन प्रतींत छापून घ्यायचा. आर्लिसला हे सगळं तोंडपाठ होतं. कुणी विचारलं नव्हतं, पण तिच्या टेबलावरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर त्याच्या तारखासुद्धा होत्या.

मार्चच्या बारा तारखेला त्या पानावर नवी नोंद झाली. खात्याची प्रमुख थिया रॅथबर्न हिच्या नावाखाली, पदाखाली, फोन नंबराखाली एक ओळ उगवली: 'नदीला वाहू द्या.'

एल्डरसनमध्ये ही ओळ कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. ओटर नदी अडवून तळं करणाऱ्या जुन्या धरणाला तडे गेले होते. ते दुरुस्त करायचं की पाडायचं, यावर दीड वर्ष गाव दुभंगलं होतं. पाडा म्हणणाऱ्यांच्या अंगणात पिवळ्या पाट्या होत्या, 'नदीला वाहू द्या'. ठेवा म्हणणाऱ्यांच्या अंगणात निळ्या, 'तळं आमचं, तळंच राहील'. शुक्रवारी खाणावळीत तळलेला मासा खायला माणसं जमत, तेव्हा वाढणारी पोरगीसुद्धा आधी कोण कुठल्या रंगाचा ते बघून टेबल देई.

थिया पिवळी होती हे सर्वांना ठाऊक होतं. तिनं ते कधी लपवलं नव्हतं. ती या गावची नव्हती. अकराच वर्षांपूर्वी राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून आली होती, म्हणजे एल्डरसनच्या हिशेबानं कालच. काम चोख, बोलणं सरळ, आणि नदीवर जीव. धरणाबाबत काउंटीची शिफारस तिनंच लिहायची होती. नोव्हेंबरात जाहीर सुनावणीत ती मांडायची होती. सहा वर्षं तिनं त्यासाठी पाण्याचे नमुने गोळा केले होते, कित्येकदा कंबरभर थंडगार पाण्यात उभं राहून.

मार्चमध्ये एक सही. मे अखेर सहा. ऑक्टोबर उजाडेपर्यंत खात्यातल्या चौदापैकी नऊ जणांच्या नावाखाली नदी वाहू लागली. आर्लिसला गंमत वाटली. एकतीस वर्षांत या खात्याचं कशावरही एकमत झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. कॉफी किती कडक करायची यावरसुद्धा दोन भांडी होती. मग नदीवर एवढं एकमत कुठून आलं?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी व्हर्न डॅलमन हातात एक छापील कागद घेऊन खिडकीशी उभा राहिला. तळ्याकाठी त्याचं लाकडी घर. निवृत्त न्हावी, अर्ध्या गावाचे केस त्यानं कापलेले, त्यामुळे अर्ध्या गावाची गुपितं त्याच्याकडे.

"आर्लिस, हे तू वाचलंस?"

"खालून की वरून?"

"खालूनच वाच."

तिनं वाचलं. घर वाढवण्यासाठी मैल्याची मोठी टाकी पुरायची परवानगी त्यानं मागितली होती. ती नाकारली होती. कारण, टाकी पाण्यापासून पंचाहत्तर फूट लांब हवी आणि त्याची जागा बेचाळीस फुटांवर. खाली नाव: नॉर्बर्ट क्लिंका, स्वच्छता निरीक्षक. त्याखाली: नदीला वाहू द्या. त्या ओळीखाली डॅलमननं लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या.

"नियम तर बरोबर आहे, व्हर्न."

"नियमाला मी काही म्हणतोय का? पण माझा अर्ज तपासणारा माणूस माझं तळं आटवायच्या गोष्टी करतो, आणि त्याच कागदावर मला नाही म्हणतो. मग मी काय समजायचं? बरं, त्याची नदी वाहिली तर पाणी तीनशे फूट मागे जाईल आणि माझी टाकी आपोआप नियमात बसेल. तेवढं तरी लिहायचं होतं त्यानं."

आर्लिसला हसू आलं, ते तिनं खोकल्यात मुरवलं. डॅलमननं दोन अर्ज पुढे सरकवले. एक तक्रारीचा. दुसरा माहितीच्या कायद्याखाली: ती ओळ असलेल्या, खात्यातून गेलेल्या सगळ्या मेल त्याला हव्या होत्या.

तासाभरात काउंटीचा प्रशासक ग्लेन ओपिट्झ यानं तिला वर बोलावलं. ग्लेन पन्नाशीचा, पण आर्लिस त्याच्या आईबरोबर चर्चमध्ये गायची, त्यामुळे तिच्या लेखी तो अजून नाक पुसायला शिकत होता.

"काउंटीच्या बोर्डासमोर जो प्रश्न आहे, त्याचा प्रचार कचेरीच्या साधनांनी करायचा नाही. नियमपुस्तकात आहे," ग्लेन म्हणाला. "क्लिंकानं केला."

"नऊ जणांनी केलाय."

"तक्रार एकावर आहे. आणि तो अजून परीक्षाकाळात आहे. शुक्रवारी त्याचे सहा महिने भरतात. त्याच्या आत कमी केलं तर कारणही द्यावं लागत नाही. सुंठीवाचून खोकला जाईल. तू फक्त मेल छापून शुक्रवारी घेऊन ये. काही लिहू नकोस, काही बोलू नकोस."

"विचारू का?"

"काय?"

"लोकांना. ओळ कुठून आली ते."

ग्लेननं तिच्याकडे बघितलं. आर्लिसला नाही म्हणून उपयोग नसतो हे त्याला आईकडून माहीत होतं. "विचार," तो म्हणाला, "पण पसारा करू नकोस."

नॉर्बर्ट क्लिंकाचं वय बावन्न. कागद गिरणीत सव्वीस वर्षं काढली आणि मागच्या वर्षी गिरणीला टाळं लागलं. त्यानंतर दोन हिवाळी अभ्यासक्रम करून, मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून त्यानं निरीक्षकाची परीक्षा दिली. ही नोकरी गेली तर त्या वयात तिसरी मिळायची नव्हती, आणि बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया याच नोकरीच्या विम्यावर डिसेंबरात ठरली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आर्लिसला माहीत होतं, कारण विम्याचे कागद तिच्याच टेबलावरून गेले होते.

मंगळवारी तिनं घरी भाजून आणलेल्या वड्यांचा डबा उघडून कॉफीच्या खोलीत ठेवला. भोपळा आणि ओटच्या वड्या. माणूस तोंडात गोड असताना खोटं कमी बोलतो, हाही तिचा एक सिद्धांत. मग एकेकाला गाठलं.

इमारत निरीक्षक रूडी शॉम्बर्ग बदकांचा शिकारी. त्याचा शिकारीचा आडोसा त्याच तळ्यात. तळं गेलं तर रूडीची बदकं गेली. तरीही त्याच्या नावाखाली नदी वाहत होती.

"रूडी, तुझ्या घरापुढे निळी पाटी आहे."

"आहे की."

"आणि इथं?"

रूडीनं वडी संपवली, बोटं चाटली. "एप्रिलमध्ये थियाची मेल आली ना? सगळ्यांच्या सह्या एकसारख्या दिसू देत, माझी नमुना म्हणून घ्या. आणि मेमध्ये वार्षिक मूल्यमापन. ते कोण लिहितं?"

"थिया."

"मग? घरची पाटी बदकांसाठी, इथली पगारवाढीसाठी. बदकं काही मेल वाचत नाहीत."

"ती तुला काही म्हणाली असती का?"

रूडीनं दुसरी वडी उचलली. "नसती म्हणाली. ती तशी नाही. पण मी कशाला तपासून बघू?"

नकाशे सांभाळणारी पेट्रा हळू आवाजात बोलली. तिनं जूनमध्ये ओळ काढली होती. दुसऱ्या दिवशी थिया तिच्या टेबलाशी येऊन म्हणाली, 'तुझ्या सहीत काहीतरी राहिलंय ग.' पेट्रानं ओळ परत घातली. थियाला फोन नंबर म्हणायचा होता, हे तिला आठवड्यानं कळलं. तोवर ओळ बसली होती, मग राहू दिली.

तिघांना ते खात्याचं अधिकृत वाक्य वाटलं होतं. त्यातला एक म्हणाला, "पाण्याचं खातं आहे आपलं, पाण्याबद्दलच असणार ना." एकाला आपल्या मेलखाली असं काही जातं हेच माहीत नव्हतं, आर्लिसनं दाखवल्यावर तो घाबरला आणि तिच्यासमोरच पुसून मोकळा झाला. कचरा-पुनर्वापर बघणारा वेंडेल मात्र छातीवर हात ठेवून म्हणाला, "मनापासून. आणि काढणार नाही."

शेवटी नॉर्बर्ट. तो दिवसभर शेतांवर टाक्या तपासून आला होता, बुटांना चिखल. वडी घेतली नाही; हात धुवायचे राहिलेत म्हणाला.

"ती ओळ तुम्ही का घातलीत, नॉर्बर्ट?"

"कुठली?"

"नदीची."

"ती होय. होती ना तिथं." त्याला प्रश्नच कळेना. "गिरणीत प्रत्येक सूचनेच्या तळाशी एक ओळ असायची. 'हातमोजे आधी, घाई नंतर.' 'पट्ट्यापासून दूर, घरी भरपूर.' दर महिन्याच्या एक तारखेला नवी. वाचायचं कुणी नाही, पण नसली तर मुकादम बोलवायचा. एकदा पाटीवर ओळ राहिली म्हणून माझी शिफ्ट कापली होती. तळाची ओळ म्हणजे मालकाची, एवढं मला माहीत."

"तरी पण ही घाला असं सांगितलं कुणी?"

नॉर्बर्टनं पाकिटातून चार घड्यांचा कागद काढला. नवीन माणसाला पहिल्या दिवशी देतात तो. सातवी सूचना: 'ई-मेलची सही: वरिष्ठांची सही उतरवून घ्या, नाव व फोन बदला.'

कागद आर्लिसनंच तयार केलेला होता, पंधरा वर्षांपूर्वी. तळाशी तिची आद्याक्षरं होती.

दुसऱ्यांच्या नोंदी करताना आपलंही नाव कुठल्यातरी रकान्यात बसेल, हे तिच्या हिशेबात कधी आलं नव्हतं.

"माझ्यावर काही आलंय का?" नॉर्बर्टनं विचारलं.

"मी बघतेय," आर्लिस म्हणाली. हे उत्तर नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

बुधवारी सकाळी ती थियाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थिया सुनावणीचे नकाशे पसरून बसली होती. आर्लिसनं एक कागद पुढे ठेवला. नावं नव्हती, फक्त आकडे. मनापासून: दोन, त्यात तू धरून. अधिकृत आहे असं वाटलं: चार. मूल्यमापनाच्या धास्तीनं: दोन. पत्ताच नव्हता: एक.

थियानं कागद वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे खोटं आहे."

"बेरीज करून बघ. नऊ येतात."

"आर्लिस, ती ओळ घाला असं मी कुणालाही कधी एका शब्दानं म्हटलं नाही. नमुना पाठवला तो नाव-पद-फोनाच्या मांडणीसाठी."

"तेच तर. म्हणाली असतीस तर कुणीतरी 'नाही' म्हटलं असतं."

थिया खुर्चीत मागे टेकली. "तुला माहितीये, एकेक सही दिसायची तेव्हा मला काय वाटायचं? या गावात मला अकरा वर्षं झाली. दुकानात लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलतात, बाकी काही नाही. आणि इथं एकेक जण न सांगता माझ्या बाजूला येतोय. मला वाटलं, चला, कचेरीत तरी मी एकटी नाही." ती जरा हसली. "रूडीनंसुद्धा घातली तेव्हा तर मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. म्हटलं, शिकाऱ्याचं मन वळलं."

आर्लिसनं नकाशाची दुमडलेली कड सरळ केली. नाव तिनं सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती.

"प्रमुख झाले म्हणून मुकी होऊ का मी?" थियाचा आवाज चढला. "मलाही मत आहे. पाण्यात मी उभी राहिलेय, डॅलमन नाही."

"बोल की. तू बोलतेस तेव्हा मी ऐकते, पटलं नाही तर वाद घालते. पण तू सही करतेस तेव्हा आम्ही नक्कल करतो. आमच्याकडे तीच रीत आहे. तिचा कागद मीच लिहिलाय."

"मला पटत नाही. लोक इतकी मेंढरं नसतात."

"नसतील. पण क्लिंका शुक्रवारी घरी जातोय त्यापायी. ग्लेननं ठरवलंय."

हे थियाला माहीत नव्हतं. तिनं नकाशावरचा हात उचलला. मग ती संगणकाकडे वळली. "आपण बघू या," ती म्हणाली. "नुसतं बघू या. कुणाला काही बोलू नकोस."

तिनं नदीची ओळ पुसली. तिथं लिहिलं: 'टाकी दर तीन वर्षांनी उपसा.' मग तिमाही अहवालाच्या तारखेबद्दलची एक रटाळ मेल सगळ्या खात्याला पाठवली.

आर्लिसला मानावं लागलं की बाई हुशार आहे. तिला स्वतःलाही उत्सुकता होती. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी ती दोन दिवस आपल्या टेबलाशी बसून राहिली. बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर रूडीच्या मेलखाली नदी आटली आणि टाकी आली. तीन वाजता पेट्राच्या. गुरुवारी सकाळी तिघांच्या, एकापाठोपाठ. राजा बोले, दल हाले; इथं तर राजा बोललाही नव्हता. दुपारी चार वाजता थिया दारात येऊन उभी राहिली. मंगळवारी घाबरून ओळ पुसणारा आणि स्वतः थिया सोडले तर सात उरले होते, आणि त्या सातांतल्या पाचांच्या नावाखाली टाकी होती.

"का बदलली, असं कुणी विचारलं?" थियानं विचारलं.

"एकानंही नाही."

"मी 'दर सोमवारी मिशा वाढवा' लिहिलं असतं तर?"

"पेट्राला जरा जड गेलं असतं."

थिया हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं लगेच पुसलं. "उरले दोन कोण?"

"वेंडेल. तो मनापासूनचा."

"आणि?"

आर्लिसनं पडद्याकडे बोट केलं. नॉर्बर्ट क्लिंकानं दुपारी दोन वाजता डॅलमनला मेल केली होती. टाकीला दुसरी जागा मिळते का हे बघायला पुन्हा मोजायला येतो, असं अगदी नम्रपणे. खाली: नदीला वाहू द्या. प्रत प्रशासक ग्लेन ओपिट्झ यांना.

गंमत बघण्याच्या नादात दोघींनी त्या माणसाला भर मैदानात एकटा उभा केला होता. वेंडेल सोडला तर सगळ्यांच्या ओळी बदलल्या. आता नदीचा प्रचारक म्हणून दिसत होता तो नॉर्बर्ट, आणि तोही तक्रार झाल्यावर.

तिनं त्याला फोन लावला. "तुम्ही ओळ नाही बदललीत?"

"बघितली मी नवी," नॉर्बर्ट म्हणाला. मागे वाऱ्याचा आवाज होता, तो कुठल्यातरी शेतात होता. "एक तारखेला बदलणार ना?"

शुक्रवारी दहाला ग्लेनच्या खोलीत पाच जण बसले. डॅलमन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. नॉर्बर्टनं टोपी मांडीवर ठेवली होती. आर्लिसनं मेलचा गठ्ठा टेबलावर ठेवला. दोनशे चौदा पानं. ग्लेनसमोर एकच पान होतं. त्यावर परीक्षाकाळ पुढे न नेण्याबद्दल चार वाक्यं होती आणि तळाशी वरिष्ठांच्या सहीसाठी रिकामी रेघ.

"थिया, तेवढी सही कर," ग्लेन म्हणाला. "श्री. डॅलमन, कालची मेल तुम्ही पाहिलीच. तक्रारीनंतरसुद्धा माणूस थांबत नाही म्हणजे हे मुद्दाम आहे."

थियानं पेन घेतलं. आर्लिस तिच्या हाताकडे बघत होती. सही केली तर सगळं शांत. थियाच्या नावावर काही येणार नव्हतं, नोव्हेंबरची सुनावणी तिची, शिफारस तिची, सहा वर्षांचं पाणी तिचं. नॉर्बर्ट टोपीची कड बोटांनी फिरवत होता. त्यानं तोंड उघडलं नव्हतं. गिरणीत वरच्या खोलीत बोलावलं की बोलायचं नसतं.

थियानं पेन खाली ठेवलं.

"ओळ माझी आहे, ग्लेन."

"ते मला माहीत आहे. पण तक्रार..."

"नाही, ऐक. मी सगळ्यांना माझी सही उतरवायला सांगितली. यानं उतरवली. परवा मी माझी ओळ बदलली, कुणाला न सांगता. पाच जणांनी दीड दिवसात बदलली. यानं नाही बदलली, कारण त्याला वाटलं ती एक तारखेला बदलते. तो प्रचार करत नव्हता. तो माझं ऐकत होता."

"त्याला काढता आली असती."

"त्याचं मूल्यमापन मी लिहिते. तू माझं लिहितोस. तुझ्या टेबलावर मासे पकडण्याचं मासिक आहे, म्हणून मी गेल्या वर्षी तुझ्याबरोबर बर्फावर चार तास बसून मासे धरले. मला मासे आवडत नाहीत."

ग्लेननं मासिकावर एक फाईल सरकवली.

"मी नियम मोडला," थिया म्हणाली. "लिहून देते. पण या कागदावर सही नाही करणार."

"मग शिफारस तुझ्याकडे राहू शकत नाही. हे तुला कळतंय ना? प्रचाराचा ठपका असलेला माणूस सुनावणीत काउंटीतर्फे बोलू शकत नाही."

"कळतंय."

तेवढं म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. आर्लिसनं खाली बघितलं. मग तिनं पर्समधून सातव्या सूचनेचा कागद काढून गठ्ठ्यावर ठेवला. "हा माझा," ती म्हणाली. "त्याचाही ठपका ठेवायचा असेल तर ठेव. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, फाईल अजून कोरीच आहे."

ग्लेननं कपाळ चोळलं.

डॅलमन इतका वेळ नॉर्बर्टकडे बघत होता. आता तो पुढे झुकला. "म्हणजे माझ्या तळ्याबद्दल तुमचं मतच नाही?"

"नाही बुवा," नॉर्बर्ट म्हणाला.

"मग ते बेचाळीस फूट?"

"मोजले. पहिल्यांदा बेचाळीस आले. म्हटलं, बिचारा घर वाढवतोय, जरा वेगळीकडून मोजू. तुमच्या ओसरीच्या कोपऱ्यावरून मोजले. एक्केचाळीस आले. मग पहिलेच लिहिले."

डॅलमन मागे टेकला. त्याचा चेहरा थोडा पडला. आपल्याविरुद्ध कट आहे असं समजून आठवडाभर ज्याची झोप उडाली, त्या माणसाला कट नव्हताच असं कळलं की जरा रिकामंच वाटतं. "तक्रार मी याच्यावर नाही ठेवत," तो ग्लेनला म्हणाला. "मला एवढंच हवं होतं, की बोलतंय कोण ते कळावं."

चार वाक्यांचा तो कागद ग्लेननं फाडला नाही. तो काही फाडत नसे. घडी करून खणात टाकला आणि नॉर्बर्टला कायम केल्याचा दुसरा कागद सोमवारी आला, थियाच्या सहीनं. थियाला लेखी ताकीद मिळाली. आर्लिसला तोंडी; ती देताना ग्लेन तिच्या नजरेला नजर देत नव्हता. सगळ्या काउंटीला हुकूम निघाला: मेलखाली नाव, पद, फोन. बाकी काही नाही. वेंडेलनं निषेध म्हणून तीन दिवस नावही लिहिलं नाही.

जाहीर सुनावणी नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत झाली. दाराशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. ज्याला बोलायचं त्यानं नाव लिहायचं, समर्थन, विरोध की फक्त माहिती यावर खूण करायची, मग तीन मिनिटं. काउंटीची शिफारस शेजारच्या काउंटीतून आणलेल्या माणसानं वाचली. थियाचेच आकडे, पण तो ते दुसऱ्याच्या घरच्या भांड्यांसारखे जपून हाताळत होता.

थियाचा नंबर अकरावा. ती अंगणातल्या पाटीसारख्याच पिवळ्या स्वेटरमध्ये होती. पद सांगितलं नाही. नाव सांगितलं, रस्ता सांगितला, आणि तीन मिनिटं नदीबद्दल बोलली. मध्येच पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा बूट अडकून कशी पडली ते सांगितलं, तर लोक हसले. तीन मिनिटं संपल्यावर ती वाक्य अर्ध्यात सोडून खाली आली. मार्चपासून मेलखाली रोज जात होती ती ओळ तिनं उच्चारलीच नाही.

बारावा नंबर रूडीचा. विरोधात.

माइकशी जाताना त्याला थियाच्या समोरून जावं लागलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तो बदकांबद्दल बोलला, आणि बापानं त्याला पहाटे त्या आडोशात पहिल्यांदा नेलं तेव्हाबद्दल. त्याला एवढं सलग बोलताना आर्लिसनं एकतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. थिया त्याच्याकडे टक लावून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत बसलेल्या आर्लिसला तिथं वेगळंच काहीतरी दिसलं. खोलीत कुणीतरी नवीन माणूस आल्यावर आपण बघतो ना, तसं.

खाली आल्यावर रूडी तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी घुटमळला.

"बस की," थिया म्हणाली. "बदकं किती येतात रे तिथं, खरोखर? मी कधी मोजलीच नाहीत."

"ऑक्टोबरात? चारशे तरी."

"लिहून ठेवलंयस?"

"आहे ना वही. बापापासूनची."

"मला दाखवशील?"

दाराशी नॉर्बर्ट क्लिंका हातात कोरी चिठ्ठी घेऊन उभा होता. बायको कुबडी घेऊन बाकावर बसली होती. गुडघ्याला अजून तीन आठवडे होते. आर्लिस त्याच्याजवळ गेली.

"बोलायचंय तुम्हाला?"

"नाही, बोलायचं नाही. पण नुसतं खूण करूनही देता येतं म्हणाले." त्यानं चिठ्ठी उजेडात धरली. "ती बाई बोलली तेव्हा वाटलं वाहू द्यावी. शॉम्बर्ग बोलला तेव्हा वाटलं राहू द्यावं. आर्लिस, अजून ठरलं नाही अशी जागा आहे का यात कुठं?"

आर्लिसनं चिठ्ठी घेऊन वरून खाली वाचली. तीन चौकोन होते. तशी जागा नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "पण अजून वीस जण बोलायचे आहेत. ऐका, मग बघा."

नॉर्बर्टनं चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि बायकोशेजारी जाऊन बसला. तेराव्या नंबरावर डॅलमन उठला होता.